गोधडी शिवायची, पण कशाने?

वसतिगृहाच्या कोणत्याही खोलीत डिसेंबरच्या रात्री डोकावून पाहिले, तर निदान दोन खाटांवर तरी गोधडी दिसते. ब्लँकेटे स्वस्त झाली, रजया दारावर विकायला येतात, तरी परभणी-बीडकडून येणाऱ्या मुलाच्या सामानात आईने गोधडी बांधून दिलेली असतेच. कुणी तिला वाकळ म्हणतो, कुणी चौघडी. तान्ह्या मुलाची असली की तिचे दुपटे होते. पांघरणारे असे पुष्कळ आहेत. शिवता येणारे मात्र आमच्या पिढीत फार थोडे. ज्यांना शिकावेसे वाटते त्यांची गाडीही पहिल्याच प्रश्नापाशी अडते, की बाजारातून आणायचे काय?

मी एक गोधडी तडीस नेली हे कळल्यापासून हा प्रश्न मला पाचसहा जणांनी तरी विचारला असेल. यादी लिहून देणे सोपे आहे. सुई, दोरा, कात्री, अंगुस्तान, टाचण्या, खडू, संपली यादी. परंतु अशी यादी हातात घेऊन बाजारात गेले की काय होते ते मी अनुभवले आहे, आणि त्याची किंमत पैशांत मोजण्यासारखी नव्हती. म्हणून यादीऐवजी हा लेख.

आजी वारली तेव्हा तिच्या पेटीत चार नऊवारी लुगडी निघाली. सगळी सुती, आणि वापरून वापरून सायीसारखी मऊ झालेली. जुनेर म्हणतात ते हेच. आई ती बोहारणीला द्यायला निघाली होती. चारांच्या बदल्यात मिळाला असता एखादा स्टीलचा डबा. मी ती मागून घेतली आणि यांची गोधडी शिवते असे घरात जाहीर करून टाकले. मग बाजारात गेले. गोधडी जाड असते, तेव्हा सुई जाड पाहिजे. गोधडी वर्षानुवर्षे वापरायची असते, तेव्हा दोरा न तुटणारा पाहिजे. एवढाच माझा विचार. दुकानदाराने दाभण आणि नायलॉनचा दोरा काढून दिला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मी जे मागितले तेच त्याने दिले.

तीन आठवडे खपून ती गोधडी शिवली. दिसायलाही बरी होती. नवरात्रात घट बसण्याआधी घरातली अंथरुणे-पांघरुणे धुवायची आपल्याकडे चाल आहे, त्या धुण्यात ती प्रथम पाण्यात गेली. भिजलेली गोधडी किती जड होते हे जिने ती पिळली आहे तिलाच ठाऊक. आईने आणि मी दोन टोके धरून ती उचलली आणि ती ओळीओळीने फाटत गेली. पोस्टाच्या तिकिटांच्या कडेला भोकांची रांग असते, तिच्यावरून तिकीट अलगद सुटे करता येते. तशी रांग मी माझ्या हातांनी आजीच्या लुगड्यावर तीस ठिकाणी आखून ठेवली होती. दोरा मात्र शाबूत होता. त्याला साधे कूसही फुटले नव्हते.

आमच्या गल्लीत एक वृद्ध मावशी राहतात. उभे आयुष्य त्यांनी लोकांच्या गोधड्या शिवून दिल्या. त्यांच्याकडे ते धडुते घेऊन गेले, तेव्हा त्यांनी फाटलेली कड बोटांनी चाचपली आणि म्हणाल्या, "पोत्याची सुई कुणी दिली गं बाई तुला?" पुढे जे काही शिकले ते बव्हंशी त्यांच्या ओसरीवर बसून, आणि थोडे पुस्तकांतून. त्यांचे सगळे सांगणे एकाच क्रमाचे होते: आधी कापड बघ, मग त्याला सोसेल ती सुई घे, मग त्या सुईत मावेल तो दोरा घे. बाजाराला सगळ्यांत शेवटी जा.

तेव्हा प्रथम कापड. त्याला साधनांत धरणे कुणाला विचित्र वाटेल, कारण आपण त्याला माल समजतो. पण बाकीची साधने कोणती हे तेच ठरवते, म्हणून त्याच्यापासूनच आरंभ करणे भाग आहे.

जुने सुती कापड गोधडीला घेतात ते केवळ काटकसरीने नव्हे. शेकडो धुण्यांत त्यातली खळ निघून गेलेली असते, जेवढे आटायचे तेवढे ते आटून बसलेले असते, आणि धाग्यांत सैलपणा आलेला असल्यामुळे सुई त्यांच्यामधून वाट काढू शकते. नवे मांजरपाट अस्तराला लावून जुन्या लुगड्याबरोबर शिवले, तर पहिल्या धुण्यात मांजरपाट आटते, लुगडे आटत नाही, आणि गोधडीला जागोजाग सुरकुत्या पडतात. नवे कापड वापरायचेच असेल तर ते आधी दोनदा धुऊन घ्यावे. टेरिकॉट, जॉर्जेट, नायलॉन यांच्या साड्या नवशिक्याने तूर्त बाजूला ठेवाव्यात. त्यांचे थर एकमेकांवरून निसटतात, आज नीट बसवलेली कड उद्या दोन बोटे सरकलेली असते, आणि शिवून झाल्यावरही त्या घाम शोषत नाहीत ते नाहीतच.

जुन्या कापडाची परीक्षा मात्र करावी लागते, आणि ती करायला शिकणे हेच या विद्येतले पहिले काम. कापड खिडकीशी उजेडात धरावे. जिथे जाळी दिसते तिथे ते विरले आहे. मग दोन्ही हातांचे अंगठे जवळजवळ ठेवून ते आधी उभे, मग आडवे ताणून पाहावे. धागे सुटल्याचा बारीक आवाज आला, तर तो भाग आतल्या थरात जाणारा. वर किंवा खाली येणारा नव्हे. लुगडे सगळीकडे सारखे विरत नाही. कासोट्यात जाणारा आणि बसताना ताण येणारा भाग आधी जातो. काठ आणि पदर शेवटपर्यंत टिकतात. माझी पहिली गोधडी शिवण्याआधी मी हे पाहिलेच नव्हते. विरलेला भाग नेमका वरच्या थरात आला होता.

आता थोडे गणित, कारण त्याच्यावाचून दोऱ्याचा हिशेब होत नाही. ९ वार म्हणजे २७ फूट. लुगड्याची चौघडी केली की पावणेसात फूट लांबीचे ४ थर होतात. पन्हा ४५ इंचांच्या आसपास असला तर रुंदी पावणेचार फूट. म्हणजे एका माणसाला पुरेशी, चार पदरी गोधडी एका लुगड्यातून निघते, आणि तिच्यासाठी एकाही ठिकाणी कात्री लावावी लागत नाही! चौघडी हे नाव कशावरून आले ते मला त्या दिवशी ओसरीवर घडी घालताना उमगले. गोल साडी साडेपाच मीटरची असते, म्हणजे सुमारे १८ फूट. तिचे ६ फुटांचे ३ थर होतात, आणि चौथा दुसऱ्या साडीतून घ्यावा लागतो. घड्या घालताना विरलेले भाग एकावर एक येऊ देऊ नयेत. आलेच, तर मध्ये जुन्या धोतराचा किंवा पंचाचा तुकडा सरकवावा.

एक सूचना खास आपल्या शहरासाठी. इथे हिमरूचा एखादा जुना तुकडा पुष्कळ घरांत असतो, आणि तो गोधडीच्या मध्यभागी फुलासारखा बसवण्याचा मोह होतो. हिमरूच्या मागच्या अंगाला नक्षीचे धागे सुटे सोडलेले असतात. सुई त्यांच्यात अडकते, ओढले की पुढची नक्षी आवळते. पहिल्याच गोधडीत हा उद्योग करू नये.

आता सुई. दाभण कशासाठी असते? पोती शिवण्यासाठी. जुन्या मोंढ्यात धान्याच्या पोत्याचे तोंड सुतळीने शिवताना ते पाहायला मिळते. गोणपाटाची वीण इतकी उघडी की तिला दाभणाने काही होत नाही. शिवाय पुष्कळ दाभणांच्या टोकाला कंगोरे असतात, त्यामुळे ते धागे बाजूला सारत नाही, कापत जाते. साधी शिवणाची सुई गोल टोकाने दोन धाग्यांच्या मधून शिरते आणि मागे धागे पुन्हा जवळ येतात. विरलेल्या लुगड्याच्या दृष्टीने सगळा फरक एवढाच आहे.

सुयांच्या क्रमांकांनी नवशिक्याचा हमखास गोंधळ होतो. हातसुयांच्या पाकिटावरचा क्रमांक वाढत गेला की सुई बारीक होत जाते. मशीनच्या सुईचे नेमके उलट. तिथे १४ पेक्षा १६ जाड आणि १६ पेक्षा १८ त्याहून जाड. सुती दोऱ्याचे पुन्हा हातसुईसारखे. ४० नंबरापेक्षा २० नंबरचा दोरा जाड. दुकानात नुसते "मोठ्या नंबरची द्या" म्हटले तर काय हातात पडेल सांगता येत नाही. गुलमंडीपासून पैठण गेटपर्यंतच्या पट्ट्यात कापडाची आणि मॅचिंगची पुष्कळ दुकाने आहेत, पण तिथे जाताना बरोबर कापडाचा चार पदरी तुकडा न्यावा, हा मावशींचा सल्ला मला कोणत्याही क्रमांकापेक्षा उपयोगी पडला. सुई तुकड्यातून पार करावी आणि तुकडा उजेडात धरावा. भोक तसेच उघडे राहिले तर सुई जाड. दुहेरी दोरा ओवल्यावर ती दाताने ओढावी लागली तर बारीक. मऊ लुगड्याच्या चार थरांना मला ३ ते ५ क्रमांकांच्या सुया सोयीच्या वाटल्या.

लांबीचाही विचार हवा. आपल्याला वाटते लांब सुईत एकदम सातआठ टाके घेता येतील आणि काम लवकर उरकेल. चार थरांतून लांब सुई वाकते, आणि वाकलेल्या सुईचे टाके मागच्या बाजूला कुठेही उगवतात. बोटाच्या दोन पेरांएवढी सुई पुरे. तीत तीनचार टाके बसतात. नेढे गुळगुळीत आहे ना हे पाहण्यासाठी त्यातून दोरा आठदहा वेळा मागेपुढे ओढावा. दोऱ्याला लव सुटू लागली तर ती सुई टाकून द्यावी, कितीही महाग असो. आणि काम थांबवताना सुई कधीही गोधडीतच टोचून ठेवू नये. पावसाळ्याची एक रात्र पुरते. गंजाचा डाग पडतो आणि तो जात नाही. मावशी सुई अधूनमधून केसांतून फिरवतात. तेलाचा हात लागल्याने ती गंजत नाही आणि कापडातून सरसर जाते. तेल न लावणाऱ्यांनी लोकरीचा तुकडा जवळ ठेवावा.

दोऱ्यापाशी आपण या लेखाच्या मूळ मुद्द्यावर येतो. दोरा मजबूत असावा असे सगळेच म्हणतात. माझा पहिला दोरा मजबूतच होता. पण तो ज्या कापडातून जाणार होता त्याच्या कितीतरी पट मजबूत होता, आणि तिथेच घात झाला. गोधडी अंगावर ओढली, झटकली, पिळली की टाके आणि कापड यांच्यात ओढाताण होते. या ओढाताणीत जो दुर्बळ तो तुटतो. दोरा तुटला तर चार टाके पुन्हा घालता येतात. कापड तुटले तर तिथे टाका घालायला काही उरतच नाही. म्हणून दोरा सुती घ्यावा, आणि तो कापडापेक्षा किंचित दुबळा असला तरी चिंता करू नये. नायलॉन, पॉलिएस्टर यांचे बारीक दोरे जुन्या सुतातून करवतीसारखे फिरतात.

बंगालमधल्या बायका कांथा शिवताना जुन्या साडीच्या काठातले रंगीत धागे उसवून तेच सुईत ओवत असत. पुस्तकांत याचे वर्णन बहुधा काटकसरीचा नमुना म्हणून येते. काटकसर तर खरीच, पण त्यात दोरा आणि कापड एकाच वयाचे होतात हेही आहे. मला वाटते, त्या बायकांना हे पक्के ठाऊक असावे.

किती दोरा घ्यायचा? मघाचे गणित इथे कामी येते. दोन ओळींत दोन बोटांचे, म्हणजे सुमारे दीड इंचाचे अंतर धरले तर ४५ इंचांत ३० ओळी बसतात. कडा आत मुडपल्यावर ओळ साडेसहा फुटांची राहते, म्हणजे १९५ फूट. चारी कडांची शिलाई २१ फूट धरावी. एकूण २१६ फूट, म्हणजे सुमारे ६६ मीटर. टाका वरखाली जाताना दोरा जास्त खातो, गाठींना आणि उरलेल्या टोकांना काही जातो, तेव्हा ८० मीटर. दोरा दुहेरी घ्यायचा तर १६० मीटर. एका बोटाच्या अंतराने शिवायचे असेल तर याच्या जवळजवळ दुप्पट. हा सगळा दोरा एकाच वेळी आणावा. महिन्याभराने आणलेल्या रिळाचा रंग पहिल्याशी जुळत नाही. भरतकामाच्या लच्छ्या दिसायला सुंदर असतात, पण एक लच्छी साधारण ८ मीटरची. सहाही पदर एकत्र वापरले तर अशा दहा लच्छ्या लागतील. त्या किनारीपुरत्या ठेवाव्यात. लाल आणि काळ्या दोऱ्याचा हातभर तुकडा गरम पाण्यात बुडवून पांढऱ्या कापडात पिळून पाहिल्याशिवाय तो गोधडीला लावू नये. रंग फुटणारा दोरा धुण्याच्या दिवशीच आपला स्वभाव दाखवतो.

ओवताना दोरा हातभर लांबीचाच घ्यावा. लांब दोरा घेतला की वारंवार ओवावे लागत नाही हे खरे, पण तो प्रत्येक टाक्याला कापडातून घासत जातो आणि शेवटच्या ओळीला येईपर्यंत निम्मा झिजलेला असतो. मधमाशीच्या मेणाची एक वडी जवळ असावी. तिच्यावरून दोरा ओढून घेतला की गुंता कमी होतो. मेणबत्तीचे मेण चालते असे म्हणतात. मी वापरून पाहिले. त्याचे पापुद्रे पडतात.

आता अंगुस्तान. नाव फारसीतून आले आहे. अंगुश्त म्हणजे बोट. ही एवढीशी टोपी नवशिक्यांना सर्वांत नकोशी वाटते, आणि तिच्यावाचून सर्वांत जास्त त्रास होतो. इंचाला दोन टाके धरले तर आपल्या त्या २१६ फुटांत ५,००० हून अधिक टाके पडतात. तीनचार टाके एकदम घेतले तरी चार थरांतून सुई तेराशे ते सतराशे वेळा मागून रेटावी लागते. तीन दिवस मी अंगुस्तानाशिवाय रेटली. चौथ्या दिवशी मधल्या बोटाला चिकटपट्टी लावून परीक्षेचा पेपर लिहिला. मावशी अंगुस्तान घालत नाहीत. त्यांच्या बोटाच्या टोकाला कायमचा खळगा पडला आहे, त्यात सुईचे बूड बरोबर बसते. असे बोट बाजारात मिळत नाही.

अंगुस्तान मधल्या बोटात घालून हात उलटा करून झटकावा. ते गळून पडले तर सैल, आणि बोट पांढरे पडले तर घट्ट. ते घ्यायला दुपारी जावे, सकाळी नव्हे. आपल्याकडच्या उन्हाने बोटे दुपारी थोडी फुगलेली असतात, आणि गोधड्या आपल्याकडे उन्हाळ्याच्या रिकाम्या दुपारीच शिवल्या जातात. त्याच्यावरचे खळगे खोल असावेत, उथळ असले तर सुई घसरून नखाखाली जाते. जपानमध्ये साशिको नावाचे जे धावदोऱ्याचे काम चालते, त्यात अंगुस्तान बोटाच्या टोकाला नसून मधल्या बोटाच्या मुळाशी कडे घालून तळहाताशी चकती येईल असे बसवतात, आणि लांब सुई तळहाताने रेटतात. ज्यांना टोपी मुळीच सहन होत नाही त्यांनी चामड्याचा जुना तुकडा शिवून अशी चकती करून पाहायला हरकत नाही.

बाकीच्या गोष्टींना फार जागा द्यायचे कारण नाही. कात्री घरात असते ती चालते, फक्त तिने कागद कापू नये, आणि हा नियम घरातल्यांकडून पाळून घेणे हेच त्यातले अवघड काम आहे. सुती कापड तुकड्यांत करायचे असेल तर कडेला कात्रीने एक चीर द्यावी आणि ते सरळ टरकवावे. धाग्याच्या रेषेत ते जितके सरळ फाटते तितके कात्रीने कापता येत नाही. अर्थात फार विरलेल्या कापडाला हे लागू नाही. रेषा आखायला आंघोळीच्या साबणाची झिजलेली चिपटी घ्यावी. रंगीत कापडावर तिची रेषा स्वच्छ उमटते आणि धुतली की जाते. पेनाने कधीही आखू नये.

थर एकमेकांवर धरून ठेवायला टाचण्यांपेक्षा लांब लांब कच्चे टाके बरे, मध्यापासून कडांकडे घातलेले. सेफ्टी पिना वापरल्या तर मोजून वापराव्यात. सुरुवातीला तीस लावल्या असतील तर शेवटी डबीत तीस परत आल्या पाहिजेत. विशेषतः दुपटे शिवताना. मावशी दुपट्याला पिन लावूच देत नाहीत, आणि या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्याची माझी इच्छा नाही.

चौकट लागत नाही. तिचे काम जमीन करते. स्वच्छ शहाबादी फरशीवर कापड पसरावे, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवावेत, आणि मध्यातून हात फिरवत सुरकुती बाहेर काढावी. फरशी गार लागते म्हणून मी खाली सतरंजी अंथरली होती. दोन तासांनी गोधडी उचलायला गेले तर सतरंजीही बरोबर उठली. पस्तीसेक टाके तिलाही लागले होते. फरशीवर सुईचे टोक खरकन वाजते तेव्हाच कळते की ती सर्व थरांतून पार गेली आहे. तो आवाज कान लावून ऐकायला शिकावे.

परदेशी पुस्तके आणि चित्रफिती पाहून ज्यांना वाटते की चाकासारखी फिरती सुरी, तिच्याखालची खास चटई आणि पारदर्शक पट्टी यांच्यावाचून आरंभच होणार नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. ही फिरती सुरी जपानमधल्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये बाजारात आणली. तिच्या आधी शतकानुशतके जगभर गोधड्या शिवल्या जात होत्या. ती वाईट नाही. पण तिचे काम वेगळे आहे. सारख्या मापाचे शेकडो तुकडे कापून, ते जोडून नक्षी तयार करणे हे एक काम, आणि थर एकमेकांना शिवणे हे दुसरे. सुरी पहिल्या कामाची आहे. आपली लुगड्याची चौघडी म्हणजे निव्वळ दुसरे काम. पुस्तक पहिल्याचे आणि कापड दुसऱ्याचे, अशी गल्लत झाली की माणूस हजारो रुपयांचे सामान आणतो आणि सुई कोणती घ्यावी हे त्याला तरीही ठाऊक नसते.

तुकड्यांची गोधडीसुद्धा मापे न घेता होते. उत्तर कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर या भागात राहणारे सिद्दी लोक, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून पोर्तुगीजांच्या काळात गोव्याकडे आणले गेले, त्यांच्यातल्या बायका जुन्या कपड्यांचे लहानमोठे तुकडे घेऊन कडेपासून शिवायला लागतात. तुकड्याच्या कडा आत मुडपत, एकावर एक ठेवत, धावदोऱ्याने चारी बाजूंनी फिरत फिरत त्या मध्यावर येतात. तुकडे जोडणे आणि थर शिवणे ही दोन्ही कामे त्यांच्याकडे एकाच टाक्यात होतात. शेवटी चार कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची फुले बसवतात; त्यांच्या मते त्यांच्यावाचून गोधडी उघडी असते. त्यांना ना पट्टी लागते ना सुरी. सुई, दोरा, कात्री आणि चिंध्यांचा ढीग.

शिवणयंत्राबद्दलही विचारले जाते. घरगुती यंत्राखाली चार मऊ थर जातात, पण सहा फुटांचे कापड गुंडाळून त्याच्या बगलेतून ओढता ओढता थर सरकतात. शिवाय यंत्राची टीप बारीक आणि सलग असते. विरलेल्या कापडावर ती पुन्हा तीच तिकिटाची रांग पाडते. किनारीचा गोट यंत्रावर शिवावा, आतले टाके हाताने घालावेत. हे माझे मत झाले. पुष्कळ जणी सबंध गोधडी यंत्रावर शिवतात आणि त्यांचे नवे कापड ती सोसतेही.

मोठी कात्री सोडली तर वर सांगितलेले सगळे सामान एका सिनेमाच्या तिकिटात येते. दुसऱ्या खेपेला मी एवढेच आणले. फाटलेल्या गोधडीतला सगळा नायलॉनचा दोरा उसवून काढला, त्यालाच आठ दिवस गेले. त्या लुगड्याचे जे धड तुकडे उरले ते दुसऱ्या लुगड्याच्या थरांमध्ये घातले, म्हणजे आजीची दोन लुगडी एकाच गोधडीत गेली. ती आता तीनदा धुऊन झाली आहे. मध्ये सातआठ ठिकाणी दोरा तुटला, तो मी पुन्हा घातला. कापड कुठे गेलेले नाही.

उरलेली दोन लुगडी पेटीत आहेत. त्यांतले एक इरकली आहे, काठाला रेशीम असलेले, आणि त्याच्या काठातून ५ क्रमांकाची सुई जात नाही हे मी कोपऱ्यावर एक टाका घालून पाहिले आहे. त्याला कोणती सुई लागेल ते परीक्षा संपल्यावर मावशींना विचारायचे आहे.